१० बाय १२च्या खोलीत डग्गा घुमतोय, स्पीकर कुठे ठेवू?

प्रश्न: साडेपाच इंची वूफरचे (खर्जाचा आवाज देणारा भाग) छोटे बुकशेल्फ स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आहेत, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. तबल्याचा डग्गा नुसता घुमतो, गायकाचे शब्द दबतात. सबवूफर घ्यावा का?

उत्तर १: सबवूफर अजिबात नको, त्रास वाढेल. आधी स्पीकर कप्प्यातून बाहेर काढा, तिथे फळ्याही थरथरतात. १० फुटी भिंतीसमोर स्टँडवर ठेवा: दोघांत ५ फूट, मागे निदान एक फूट, ट्वीटर (बारीक, उंच आवाज देणारा छोटा भाग) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला. कोपरे टाळा. तोंडं थोडी तुमच्याकडे वळवा.

उत्तर २: सोफाही हलवा! १२ फूट लांबीत साधारण ४७ हर्ट्झची, म्हणजे खर्जातल्या आवाजाची, लाट उभी राहते आणि तिचा जोर भिंतीपाशीच सर्वाधिक. दीड-दोन फूट पुढे आलात की फरक लगेच कळेल. तेवढी जागा नसेल तर स्पीकरच्या मागच्या पोर्टमध्ये (गोल भोकात) स्पंजची सैल गुंडाळी घाला. पडदे-गालिच्याने झांजेची किणकिण मऊ होते, हे घुमणं जात नाही.

उत्तर ३: पुन्हा जोडताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवा. लाल टोक लाललाच. एका बाजूला उलटं जोडलं तर बास गायब होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५ मीटरपर्यंत पुरते. टोकाची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना, एवढं मात्र डोळ्यांनी बघाच.