घड्याळ काढून धावा म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

पायथा:
‘अनवाणी’ यांचे ‘मनगटावरचा मास्तर’ हे टिपण परवा वाचले. जीपीएस आणि हृदयाचे ठोके दाखवणारी घड्याळे बांधून धावणारे लोक शरीराचे ऐकायला विसरले आहेत, आपण दमलो की नाही हेही त्यांना पंचवीस हजारांच्या यंत्राला विचारावे लागते, आणि माण तालुक्यातल्या मोही गावातून निघून २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडायची शर्यत) अंतिम फेरीत धावलेल्या ललिता बाबर यांच्या मनगटावर लहानपणी कोणते घड्याळ होते, असा त्याचा एकूण सूर होता. त्यावर वाहवा करणाऱ्यांची रांग लागलेली पाहिली आणि गप्प बसवेना.

‘शरीराचे ऐका’ हा सल्ला ज्याचा कान तयार झाला आहे त्याच्यासाठी ठीक आहे. चाळिशीत बूट घेऊन नव्याने धावू लागलेल्या माणसाचे शरीर त्याला रोज एकच गोष्ट सांगते: ‘थोडे दमलो पाहिजे, नाहीतर व्यायाम कसला?’ परिणामी तो सोमवारी मध्यम वेगाने धावतो, बुधवारी मध्यम वेगाने धावतो आणि रविवारच्या लाँग रनलाही त्याच वेगाने धावतो. हलक्या दिवशी तो गरजेपेक्षा जोरात असतो आणि जोराच्या दिवशी पाय उचलत नाहीत. वर्षभराने गुडघा धरून बसतो आणि दोष बुटांना देतो. अशा माणसाला घड्याळाचा उपयोग वेग वाढवण्यासाठी नसून वेग आवरण्यासाठी आहे, हे टिपणात कुठेही आलेले नाही.

दुसरे उदाहरण आमच्याच अंगणातले आहे. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना वेगाच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, कारण चढ बदलला की वेग बदलतो. शहरातल्या सपाट रस्त्यावरचा वेग घाटातही टिकवू पाहणारे लोक पहिल्या काही वळणांतच तोंड उघडून श्वास घेऊ लागतात, आणि पुढे कास रस्त्याला लागेपर्यंत त्यांची निम्मी शर्यत चालत होते. तिथे ठोक्यांची एक मर्यादा ठरवून, ती ओलांडली की पावले आखूड करणे हा साधा आणि शिकवता येण्याजोगा नियम आहे. शिवाय ज्या ‘जाणिवे’चे अनवाणी एवढे गोडवे गातात तिला मोजणारी स्वीडनच्या बोर्ग यांची मोजपट्टी ६ पासून २० पर्यंतच का आहे, याचाही त्यांनी विचार करावा. श्रमाच्या त्या आकड्याला दहाने गुणले की तरुण, निरोगी माणसाचे ठोके साधारण यावेत अशा हिशेबानेच ती आखलेली आहे.

अनवाणी:
पायथाराव, एवढे सविस्तर उत्तर दिल्याबद्दल आभार. धावायला वेळ उरला असेल अशी आशा करतो.

आता आकड्यांचेच बोलू. तुमची मर्यादा ठरते कशावरून? बहुतेकांच्या घड्याळात ती कमाल ठोक्यांच्या ‘२२० वजा वय’ या सूत्रावरून आपोआप भरलेली असते. हे सूत्र १९७१ च्या सुमारास फॉक्स आणि हॅस्केल यांनी आधीच्या अभ्यासांतले आकडे आलेखावर मांडून त्यांतून अंदाजाने ओढलेल्या रेघेतून आले. एखाद्या माणसाचा खरा कमाल आकडा त्या रेघेच्या वर किंवा खाली दहा-बारा ठोके सहज असू शकतो. म्हणजे पायाच वाळूचा, आणि त्यावर तुम्ही पाच रंगांचे झोन, म्हणजे ठोक्यांचे टप्पे, बांधून आम्हाला शिस्त शिकवणार.

आता तो आकडा मोजला कसा जातो तेही पाहा. माझ्या धाकट्या भावाने गेल्या हिवाळ्यात मोठ्या हौसेने असे घड्याळ घेतले. थंडीत फाटकाबाहेर पडून तो जेमतेम चौकापर्यंत गेला असेल, तोच घड्याळाने १७८ ठोके दाखवले. बिचारा घाबरून चालत घरी आला आणि वहिनींनी त्याला सोफ्यावर आडवे केले. नंतर कळले की यंत्र हृदयाचे ठोके सोडून त्याची मिनिटाला पडणारी पावलेच मोजत होते. ज्याला हृदय कोणते आणि पाय कोणते हे कळत नाही त्या मास्तराकडे आम्ही शिकावे, हा आग्रह कशासाठी?

आणि इतिहासच काढायचा तर, ज्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, त्याच १९५२ च्या स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, अशी तीन सुवर्णपदके जिंकली. त्याच्या छातीला ठोके मोजणारा पट्टा नव्हता.

पायथा:
झाटोपेक ४०० मीटरच्या फेऱ्या मोजून मोजून धावणारा माणूस होता. त्याला ‘मनाने धावणारा’ ठरवणे हा त्याच्यावरच अन्याय आहे. ललिता बाबर यांचेही तेच आहे. मोहीच्या रस्त्यापासून ऑलिंपिकपर्यंतच्या प्रवासात निकोलाय स्नेसारेव यांच्यासारखा कडक प्रशिक्षक त्यांच्यामागे उभा होता. तुमच्याआमच्यामागे कोण उभे आहे? दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि पहाटे एकट्याने धावणाऱ्या माणसाला प्रशिक्षकाचा पगार परवडत नाही, म्हणून तो मनगटावर अर्धामुर्धा प्रशिक्षक बांधतो. सूत्र ढोबळ आहे हे मान्य, पण ते बदलून स्वतःचा आकडा घालण्याची सोय त्याच घड्याळात आहे. पुस्तिका वाचायचा कंटाळा हा यंत्राचा दोष कसा?

हृदयस्थ:
मी डॉक्टर आहे आणि धावतोही, त्यामुळे दोन्ही बाजूंची थोडी गैरसोय करतो.

मनगटावरचे घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारांवरून रक्ताची लाट ओळखते. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, पट्टा सैल असेल तर घड्याळ हाडावर हलते, आणि मग नाडीच्या क्षीण लाटेपेक्षा हाताच्या हेलकाव्याची लय ठळक ठरते. अनवाणी यांच्या बंधूंचे नेमके हेच झाले. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर आणि घट्ट बांधावे, घराबाहेर पडण्यापूर्वी अंग थोडे गरम करून घ्यावे. तरीही शंका उरत असेल तर छातीचा पट्टा घ्यावा. तो प्रकाशावर न चालता हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बिनतारी पट्टा बाजारात आणला होता, त्यामुळे हे काही कालचे खूळ नव्हे.

सूत्रच हवे असेल तर २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेले ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे उतारवयात अधिक बरे. साठीच्या माणसाला जुने सूत्र १६० देते, हे १६६ देते. पण बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असलेल्या रुग्णाला दोन्ही सूत्रे निरुपयोगी आहेत, कारण ती गोळी ठोकेच खाली दाबते. असे लोक ‘मी अजून हिरव्या झोनमध्ये आहे’ म्हणत धाप लागेपर्यंत धावतात.

आणखी एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, ती येथेच बोलून टाकतो. छातीत दडपण येऊनही ‘घड्याळ नॉर्मल दाखवत होते’ म्हणून दोन दिवस घरी थांबलेले लोक मी पाहतो. ठोके नियमित आहेत याचा अर्थ हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा नाही असा होत नाही. आणि कृपया घड्याळाने दिलेल्या झोपेच्या गुणांचे तक्ते छापून दवाखान्यात आणू नका.

कोथरूडकर:
ठोक्यांचे जाऊ द्या, अंतराचे काय? मध्यंतरी एका शहरातल्या अर्धमॅरेथॉनमध्ये (नाव घेत नाही) माझ्या घड्याळाने शेवटी २१.३८ किलोमीटर दाखवले. माझी वेळ २ तास ५० सेकंद आली. २१.१ किलोमीटरचा टप्पा मी दोन तासांच्या आत ओलांडला होता आणि त्याची नोंद माझ्याकडे आहे. म्हणजे आयोजकांनी जवळजवळ तीनशे मीटर फुकट धावायला लावले आणि माझे दोन तासांचे स्वप्न हिरावले. नोंदणीचे पैसे मात्र पूर्ण घेतले! याविषयी मेल केला तर ‘मार्ग प्रमाणित आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले.

मीटरफूट:
उत्तर एका ओळीचे होते, पण बरोबर होते. प्रमाणित मार्ग मोजताना काटेकोर तपासलेल्या सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारे यंत्र) लावतात आणि वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर राहून, धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या रेषेने ती चालवतात. वर मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर वाढवतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला ४२ मीटर आणि अर्धीला २१. तुम्ही ती जवळची रेषा धरून धावलात का? पाण्याच्या टेबलासाठी डावीकडे, सेल्फी काढणाऱ्यांना ओलांडण्यासाठी उजवीकडे आणि प्रत्येक वळण बाहेरून, असे धावले की शे-दीडशे मीटर तिथेच जातात. उरलेली वाढ घड्याळाची. ते ठरावीक क्षणांनी आपली जागा टिपते आणि ते ठिपके सरळ रेषांनी जोडते. उंच इमारतींवर आपटून आलेले उपग्रहाचे संकेत ठिपक्यांना रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे नाचवतात आणि त्या नागमोडी रेषेची लांबी तुमच्या खात्यात जमा होते.

कोथरूडकर:
म्हणजे शेवटच्या रेषेपाशी उभ्या असलेल्या शेकडो लोकांची घड्याळे खोटी आणि तुमची एक सायकल खरी?

मीटरफूट:
होय.

कोथरूडकर:
हा उद्दामपणा झाला. माझे घड्याळ दुहेरी फ्रीक्वेन्सीचे, म्हणजे उपग्रहाचे संकेत दोन लहरींवर घेणारे आहे. माझ्यासोबत धावलेल्या मित्राचे २१.३५ आले आणि त्याच्या पत्नीचे २१.४१. सगळ्यांची चूक एकाच दिशेने कशी होते, हे आधी समजावून सांगा आणि मग आम्हाला सेल्फीवाल्यांच्या रांगेत बसवा. मी शर्यतीत फोनसुद्धा नेत नाही.

मीटरफूट:
तीन घड्याळे, तीन आकडे, आणि त्यांच्या आधारे आपण आयोजकाला चोर ठरवले आहे. सगळ्यांची चूक एकाच दिशेने होते, कारण जवळच्या रेषेपेक्षा कमी अंतर धावणे पदपथ ओलांडल्याशिवाय शक्यच नसते. चुकायला फक्त वरची बाजू मोकळी असते. दुहेरी फ्रीक्वेन्सीने इमारतींचा त्रास कमी होतो, तुमचा बाहेरचा फेरा कमी होत नाही. घाटातल्या वळणांवर मात्र उलटेही घडते: ठिपके जोडताना वळणाचा कोपरा कापला जातो आणि घड्याळ अंतर कमी दाखवते. तेव्हा तक्रारीचे मेल येत नाहीत, लोक मुकाट्याने विक्रमी वेळ मिरवतात. एवढे मात्र मान्य करतो की आपल्याकडच्या अनेक छोट्या शर्यती गाडीच्या मीटरवर किंवा आयोजकाच्या पुतण्याच्या घड्याळावर मोजलेल्या असतात. तिथे तुमच्याइतकाच आयोजकही अंधारात असतो.

कोथरूडकर:
ठीक आहे. पुढच्या वेळी सायकलच मनगटाला बांधून येतो. माझे दोन तास मात्र मी मनातल्या मनात पूर्ण केलेले आहेत.

अनवाणी:
घड्याळवाल्यांचे घड्याळावरून जुंपलेले हे भांडण मी चहा घेत वाचले. माझ्या टिपणाला याहून चांगला पुरावा मी स्वतःही देऊ शकलो नसतो.

पहाटेची लोकल:
अनवाणीकाका, चहा संपला असेल तर माझेही ऐका. मी डोंबिवलीला राहते. सव्वासहाची गाडी गाठण्याआधी, डबा करून, अंधारात धावते. मागच्या पावसाळ्यात त्याच रस्त्यावर त्याच वेगाला माझे ठोके नेहमीपेक्षा पंधरा-सतराने जास्त दिसू लागले. शरीर काय सांगत होते म्हणाल, तर तेच जे बायकांचे शरीर बारा महिने सांगत असते: झोप कमी पडते आहे, काम जास्त आहे, चालू द्या. घरच्यांचेही तेच मत होते. पट्टा बदलून पाहिला, आकडा तिथेच. दोन-तीन आठवडे आलेख वरच राहिला, तेव्हा रक्त तपासले आणि हिमोग्लोबिन फार खाली आलेले निघाले. जाणिवेवर विसंबले असते तर ‘हल्ली जमत नाही’ म्हणून धावणेच सोडून दिले असते.

या चर्चेत कुणीच न काढलेला एक मुद्दा माझ्या मैत्रिणींना रोज छळतो. धावण्याचा नकाशा ॲपवर सर्वांना दिसेल असा ठेवला की तो अगदी घराच्या दारापासून सुरू होतो, आणि रोज किती वाजता कोण एकटी निघते हे कुणालाही कळते. सुरुवातीचा भाग झाकण्याची सोय असते, पण ती आपणच शोधून चालू करावी लागते. झोनवरून भांडणाऱ्या पुरुषमंडळींपैकी किती जणांनी आपल्या बहिणीला हे सांगितले आहे?

हृदयस्थ:
लोकलताईंच्या अनुभवाला दुजोरा देतो. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये, पण त्याच वेगाला आठवडेच्या आठवडे चढे राहणारे ठोके दुर्लक्षिण्याजोगे नसतात. रक्त कमी असेल तर तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावे लागते. उकाड्यात आणि घामाने पाणी कमी झाल्यावरही ठोके असेच वर सरकतात, म्हणून तुलना सारख्या हवेतल्या दिवसांचीच करावी.

अनवाणी:
लोकलताई, तुमच्यापुढे माघार घेतो; पायथारावांपुढे नाही. परंतु सकाळी अंथरुणातच मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजली असती तर तीच खूण फुकटात मिळाली असती, असे मला अजूनही वाटते.

पहाटेची लोकल:
काका, साडेचारचा गजर झाल्यावर मिनिटभर अंथरुणात पडून राहण्याची चैन तुमच्या घरी कुणाला आहे, ते आधी काकूंना विचारा.

पायथा:
अनवाणी यांना एक प्रस्ताव देतो. पुढच्या महिन्यात साताऱ्याला या. छातीचा पट्टा मी देतो आणि घड्याळाच्या काचेवर चिकटपट्टी लावू. यवतेश्वरच्या प्रत्येक वळणावर तुम्ही बोर्गच्या मोजपट्टीवरचा आकडा बोलायचा, मी तो लिहून घेईन आणि वर गेल्यावर नोंदीशी ताडून पाहू. तुमची जाणीव आणि पट्टा जुळले तर तुमचे टिपण मी स्वतः छापून वाटेन.

अनवाणी:
येतो. चिकटपट्टी मात्र माझी असेल, कारण तुमची पारदर्शक निघेल याची मला खात्री आहे. हरलो तर छातीचा पट्टा विकत घेईन. मनगटावर तेव्हाही काही बांधणार नाही.

कोथरूडकर:
मीही येतो. घाट किती किलोमीटरचा धरायचा?

पायथा:
ते मीटरफूट यांना विचारा, आणि कृपया वेगळ्या धाग्यावर.