मोगऱ्याला आत्ता कात्री नको
ताई, थंडीआधी मोगरा आणि कढीपत्ता छाटू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून थांबा. आत्ता छाटलं की कोवळी फूट येते आणि थंडी सगळ्यात पहिले तिलाच जाळते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. उघड्या शेतशिवारात गारठा आणखीच झोंबतो. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर करा, तोवर पाणी कमी, शेणखतही नको. बुडाशी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) वीतभर पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका, वाळवी लागते. (आमच्याकडे एक जुना मोगरा असाच गेला, अजून हळहळ वाटते.) कडाक्याच्या रात्रीआधी माती किंचित ओली ठेवा, ओली माती ऊब धरते. गुलाबाची छाटणी मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारासच.