चतुःशृंगीची जत्रा: सासूबाई आणि लहान लेकीला घेऊन कधी जावं? कवड्यांची माळ पण घ्यायचीय

हडपसरची_सून

नमस्कार मंडळी, यंदा नवरात्रात पुण्यातल्या चतुःशृंगी देवीला जायचं चाललंय. सासूबाई धाराशिवकडच्या, कुलदैवत तुळजाभवानी, घरात परडी (देवीच्या नावाने जोगवा मागायची बांबूची टोपली) आहे. दरवर्षी तुळजापूरला जायच्याच पण आता गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपत नाही, बोलून दाखवत नाहीत पण मन खट्टू झालंय त्यांचं. म्हटलं निदान इथल्या देवीची जत्रा तरी दाखवू. सोबत सहा वर्षांची लेक, तिला पाळण्यात बसायचंय. पायऱ्या किती आहेत, गर्दी कधी कमी असते? आणि मुख्य म्हणजे त्यांची कवड्यांची माळ तुटलीय, निम्म्या कवड्या गेल्या, परडी पण जुनी झालीय. जत्रेतल्या स्टॉलवर चांगलं मिळतं का की प्लॅस्टिकचं गळ्यात मारतात? त्यांच्यासाठी ही नुसती खरेदी नाहीये म्हणून विचारतेय.

गोखलेनगरवाला

ताई, जवळच राहतो म्हणून सांगतो, सकाळी लवकर या. पायऱ्या शंभराच्या वर आहेत, हळूहळू थांबत थांबत चढवा, ऊन व्हायच्या आत दर्शन झालं की त्यांना त्रास होणार नाही. मंगळवार, शुक्रवार, ललिता पंचमी, अष्टमी आणि मधे येणारा रविवार हे सोडून कुठलाही दिवस धरा, या गर्दीच्या दिवशी रांग पार खाली रस्त्यावर येते. गाडी आणूच नका, नवरात्रात संध्याकाळी सेनापती बापट रस्त्यावर वाहतूक वळवतात आणि पार्किंग शोधण्यातच जीव जातो. रिक्षाने या किंवा बसने, उतरून थोडं चालायला लागेल एवढंच.

आणि सासूबाईंना इथल्या देवीची गोष्ट जरूर सांगा. दुर्लभशेठ म्हणून एक सावकार होते, वणीच्या सप्तशृंगीचे भक्त, दरवर्षी तिकडे वारी करायचे. वय झालं, जाणं होईना तेव्हा देवी स्वप्नात आली आणि म्हणाली तुला येता येत नाही तर मीच तुझ्याजवळ येते, आणि या डोंगरावर खणल्यावर मूर्ती सापडली अशी कथा सांगतात. म्हणजे हे देऊळच मुळी वारी चुकलेल्या भक्तासाठी झालंय, तेव्हा तुळजापूर राहिलं म्हणून त्यांनी अजिबात मनाला लावून घेऊ नये.

परडीवाली

माझ्या माहेरी आराधी (देवीची गाणी म्हणणारे भक्त) परंपरा आहे त्यामुळे माळेबद्दल बोलते. स्टॉलवर दोन्ही मिळतं, खरं पण आणि प्लॅस्टिक पण, बघून घ्यायचं. प्लॅस्टिकच्या सगळ्या कवड्या एका मापाच्या असतात, हलक्या लागतात आणि कडेला साच्याची बारीक रेघ दिसते. खरी कवडी हाताला गार लागते, प्रत्येक थोडी वेगळी, कुठे पिवळसर कुठे पांढरी, आणि तोंडाशी दात स्वच्छ दिसतात. मूठभर कवड्या हातात घेऊन हलवा, आवाजावरूनच कळतं. जत्रेत ओळीने ओटीची आणि फोटोंची दुकानं असतात तिथे तयार माळा टांगलेल्या असतात, पण खाली जमिनीवर पोतं अंथरून बसलेल्या बायका दिसल्या तर आधी त्यांच्याकडे विचारा. त्यांच्याकडे सुट्ट्या कवड्या असतात, पाठ घासून भोक पाडलेल्या, आणि त्या तिथल्या तिथे पक्क्या दोऱ्यात ओवून देतात, प्रत्येक कवडीमागे गाठ मारत. तुमच्या सासूबाईंच्या उरलेल्या कवड्या सोबत न्याच!! जुन्या आणि नव्या एकत्र ओवून घ्या, इतक्या वर्षांची माळ आहे ती, पूर्ण नवी घेऊ नका. जत्रेत नाही जमलं तर पेठेत पटवेकरी (माळा-दागिने दोऱ्यात ओवणारे) आहेत, ते नीट ओवून देतील.

परडी मात्र मी जत्रेतून घेणार नाही. तिथे बहुतेक रंगीत टिकल्या लावलेल्या शोभेच्या असतात, जोगवा मागायला उपयोग नाही. बुरूड आळीत जा, बांबूची घट्ट विणीची बघून घ्या, काठ हाताने दाबून बघा, सुटता कामा नये. आमच्याकडे नवी परडी आधी देवीपुढे ठेवतात, हळदकुंकू वाहतात, मग घरात घेतात, त्यामुळे जमलं तर जत्रेच्या आधीच घ्या आणि दर्शनाला सोबत न्या.

हडपसरची_सून

ताई खरंच खूप उपयोग झाला, उरलेल्या कवड्या त्यांनी डब्यात जपून ठेवल्यात, कशासाठी ते आत्ता कळलं मला! ओटी तिथेच घेऊ का? आणि लेकीच्या पाळण्याचं काय?

औंधची_मावशी

नारळ, वेणी, बांगड्या तिथेच घे, पण तयार ताटातला खण म्हणजे बऱ्याचदा नायलॉनचा वीतभर तुकडा असतो, तो कुणाच्याच कामी येत नाही. खण लक्ष्मी रोडवरून नीट कापडाचा ने, देवीला जे द्यायचं ते चांगलंच द्यावं असं मला मनापासून वाटतं. आकाशपाळणे संध्याकाळीच जोरात चालतात, सकाळी बरेचसे बंद असतात, त्यामुळे सासूबाईंना आणि लेकीला एकाच फेरीत खूश करणं अवघड आहे. सकाळी दर्शन आणि माळ करून त्यांना घरी सोडा, लेकीला तिचे बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेतील. तिच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवायला विसरू नका, पिपाण्यांच्या आवाजात हाक मारलेली ऐकू येत नाही. बत्तासे, रेवड्या, गुडीशेव घ्या, उघड्यावरचा बर्फाचा गोळा टाळा.

आणि ऐनवेळी गुडघे फारच दुखले तर तांबडी जोगेश्वरीला न्या, बुधवार पेठेत, पुण्याची ग्रामदेवता आहे, डोंगर चढायला नको. नवरात्रात तिथेही ओटी भरायला रांग असते पण दुपारी जरा निवांत असतं.

गोखलेनगरवाला

मावशींना अनुमोदन. अजून एक, चतुःशृंगीच्या पायथ्याशी कधी कधी गोंधळी असतात, संबळ आणि तुणतुणं घेऊन. दिसले तर सासूबाईंना तिथे बसू द्या थोडा वेळ, घाई करू नका. तुळजापूरकडच्या माणसाला तो संबळ ऐकल्यावर काय वाटतं ते मी माझ्या आजीकडे बघून सांगतोय. दक्षिणा हातात तयार ठेवा, सुट्टे पैसे न्या, सगळीकडे फोनवरून पैसे घेत नाहीत.