मदत हवी आहे: मरव्याच्या तेलाला मरव्याचा वास का येत नाही?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी मरव्याचं (ओरिगॅनम मॅजोराना) सुगंधी तेल काढते आहे आणि गेले तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उलटे प्रश्न विचारण्यात तुमचा वेळ जाणार नाही.

फुलोरा यायच्या सुमारास फांद्या कापल्या, सावलीत वाळवल्या आणि नुसती पानं वेगळी केली. १०० ग्रॅम पाला, एक लिटर पाणी, क्लेव्हेंजरचं उपकरण (पाण्याबरोबर पाला उकळून वाफेतून तेल वेगळं करणारं काचेचं उपकरण), तीन तास. तेल मिळालं १.४ मिलि., रंग फिकट पिवळा. निर्जल सोडियम सल्फेटवर ओलावा काढला आणि गडद काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवलं. उतारा (मिळालेल्या तेलाचं प्रमाण) ठीक आहे असं माझ्या गाइड मॅडमही म्हणाल्या.

गोची वासाची आहे. ताजं पान बोटांत चुरगळलं की एक गोडसर, उबदार वास येतो, तो ज्याला माहीत आहे त्याला वेगळा सांगावा लागत नाही. बाटलीचं झाकण उघडलं तर तो वास नाहीच. जे येतं ते तीक्ष्ण, थंड, औषधी. थेट टी ट्री तेलाची आठवण करून देणारं. आधी वाटलं, पानंच दुसऱ्या कशाची तरी आली. म्हणून फांदी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवून ओळख पटवून घेतली. मरवाच आहे.

मग नमुना बाहेरच्या एका प्रयोगशाळेत जीसी-एमएससाठी (तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी चाचणी) पाठवला. रिपोर्टमधले मोठे घटक असे: टर्पिनेन-४-ऑल ३१ टक्के, गॅमा-टर्पिनीन १४, अल्फा-टर्पिनीन ९, सॅबिनीन ७, सिस-सॅबिनीन हायड्रेट ५, अल्फा-टर्पिनिऑल ४, लिनालूल ३, टर्पिनोलीन ३, पॅरा-सायमीन २. बाकी किरकोळ. प्रत्येक नावापुढे 'लायब्ररी मॅच' (संगणकातल्या नोंदींशी किती जुळतं) म्हणून एक आकडा दिलाय, ९० च्या पुढचा.

मी जे वाचलंय त्यात मरव्याचा खास वास सिस-सॅबिनीन हायड्रेट आणि त्याचा ॲसिटेट यांच्यामुळे येतो असं स्पष्ट लिहिलंय. माझ्याकडे पहिला फक्त ५ टक्के आणि दुसऱ्याचा पत्ताच नाही. मरव्याचा कार्व्हाक्रोलवाला रासायनिक प्रकारही असतो हे माहीत आहे, पण कार्व्हाक्रोल माझ्या तेलात नावालाही नाही, तेव्हा ते कारण नसावं. वाळवताना उडून गेलं का? तेल तीन आठवडे पडून राहिल्याने बिघडलं का? की रिपोर्टच चुकीचा आहे?

दुसरा प्रश्न उपयोगांच्या प्रकरणाचा. मरव्याबद्दल अँटिऑक्सिडंट, जंतुनाशक, पचनाला चांगला असं बरंच काही लिहिलेलं सापडतं. हे सगळं माझ्या तेलाला लागू धरून लिहावं का? मनाला पटत नाहीये, पण का पटत नाही ते नेमकं सांगताही येत नाहीये.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

तुमचं तेल चुकलेलं नाही आणि नाकही चुकलेलं नाही. जे पानात होतं ते तुमच्या फ्लास्कमध्ये बदललं.

सॅबिनीन हायड्रेट आणि टर्पिनेन-४-ऑल यांचं रेणुसूत्र एकच: दहा कार्बन, अठरा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. समघटक आहेत, म्हणजे अणू तेच, पण जोडणी वेगळी. फरक रचनेत. सॅबिनीन हायड्रेटमध्ये तीन कार्बनांचं एक लहान वलय मोठ्या वलयाला चिकटलेलं असतं. ते ताणलेलं असतं, म्हणजे उलगडायला टपलेलंच. पाला उकळला की पेशींमधली सेंद्रिय आम्लं पाण्यात उतरतात आणि पाणी आम्लधर्मी होतं. त्या उष्ण, किंचित आम्ल पाण्यात सॅबिनीन हायड्रेटचा हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रूपात निघून जातो, मागे कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन असलेला अस्थिर रेणू) उरतो आणि ते छोटं वलय उघडतं. आता या कॅटायनला पाण्याचा रेणू येऊन चिकटला तर टर्पिनेन-४-ऑल. नुसता प्रोटॉन निघून गेला तर अल्फा-टर्पिनीन, गॅमा-टर्पिनीन, टर्पिनोलीन. तुमच्या रिपोर्टमध्ये हे चारही एकत्र वर आले आहेत, हाच सगळ्यात बोलका पुरावा आहे. ॲसिटेटचंही तेच होतं, आणि तो हायड्रेटपेक्षा लवकर मोडतो, म्हणून तो दिसतच नाही.

क्लेव्हेंजरच्या उपकरणात (१९२८ पासून ते वापरात आहे) तेलाखालचं पाणी परत फ्लास्कमध्ये जातं. उतारा मोजायला ते फार सोयीचं, पण पाण्यात विरघळलेला अंश पुन्हा पुन्हा त्याच उकळत्या आम्ल पाण्यात पडत राहतो. तीन तास हा खेळ चालला तर असंच होणार.

ही एकट्या मरव्याची गोष्ट नाही. कॅमोमाइलचं तेल निळंशार असतं, पण तो निळा कॅमाझुलीन फुलात नसतोच. फुलात असतं रंगहीन मॅट्रिसिन, आणि ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेत त्याचं कॅमाझुलीन होतं. लॅव्हेंडरमध्ये लिनालिल ॲसिटेट पाण्यात तुटून लिनालूल वाढतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, सुगंधी तेल हे वनस्पतीचं छायाचित्र समजू नका. तेल ही एका प्रक्रियेतून बाहेर आलेली वस्तू आहे.

खात्री करायची असेल तर दोन साधे प्रयोग करा. ताजी पानं थंड हेक्सेनमध्ये थोडा वेळ बुडवून अर्क काढा आणि तो जीसी-एमएसला द्या. दुसरं, ऊर्ध्वपातन करताना तेल एकत्र साठू न देता पहिल्या १५ मिनिटांचं, मग एक तासापर्यंतचं आणि मग उरलेलं असं वेगळं गोळा करा. मी सांगतो ते खरं असेल तर टर्पिनेन-४-ऑलचा वाटा टप्प्याटप्प्याने वाढत गेलेला दिसेल. फ्लास्कमधल्या पाण्याचा पीएच आधी आणि नंतर मोजायला विसरू नका.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण रिपोर्टवरही डोळे झाकून विसंबू नका. टर्पीनांचे (तुमच्या यादीतल्यासारख्या सुगंधी संयुगांचे) वस्तुमान-वर्णपट एकमेकांसारखे इतके असतात की नुसत्या लायब्ररी मॅचला फारसा अर्थ नाही. ९३ वस्तुमानाचं शिखर तुम्हाला निम्म्या मोनोटर्पीनांत दिसेल. त्याच पद्धतीने अल्केनांची (साध्या सरळ हायड्रोकार्बनांची) मालिका चालवून रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे त्या मालिकेच्या तुलनेत घटक कधी बाहेर पडतो तो आकडा, काढून द्या, असं प्रयोगशाळेला सांगा. डीबी-५ सारख्या कॉलमवर सिस-सॅबिनीन हायड्रेट १०७० च्या आसपास येतं आणि टर्पिनेन-४-ऑल ११७७ च्या आसपास, त्यामुळे या दोघांत गल्लत व्हायची नाही. पण ट्रान्स-सॅबिनीन हायड्रेट आणि लिनालूल ११०० च्या अलीकडे जवळजवळ एकत्रच बाहेर पडतात. तुमचं ३ टक्के लिनालूल खरंच सगळं लिनालूल आहे का, ते तपासा. सिस आणि ट्रान्स ही नावंही सगळे लेखक एकाच अर्थाने वापरत नाहीत, तुलना करताना हे ध्यानात असू द्या.

इंजेक्टरचं (यंत्रात नमुना सोडतात त्या तापलेल्या भागाचं) तापमानही विचारा. तो फार तापलेला असेल तर नाजूक रेणू तिथेच मोडतात. जर्माक्रीन-ए इंजेक्टरमध्ये बीटा-एलेमीन होतो, हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

आणि टक्केवारी ही शिखरांच्या क्षेत्रफळाची आहे, वजनाची नव्हे. प्रबंधात तसं लिहा.

तेल जुनं झाल्याची शंका मात्र सोडून द्या. अल्फा आणि गॅमा-टर्पिनीन हवेत ऑक्सिडाइज होऊन पॅरा-सायमीन वाढतं. तुमच्याकडे ते २ टक्केच आहे. साठवण चांगली झाली आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. समघटकांची गोष्ट वाचली आणि सगळा रिपोर्ट एकदम वेगळा दिसायला लागला. पीएच मोजायचं मला सुचलंच नव्हतं. प्रयोग करून इथे कळवते. उपयोगांबद्दल कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३

तुम्हाला का पटत नाही, ते सांगते. मरव्याच्या अँटिऑक्सिडंट गुणाचं मोठं श्रेय रोझमॅरिनिक आम्लासारख्या फेनॉलिक संयुगांना जातं. ती उडणारी नाहीत. वाफेबरोबर ती वर येतच नाहीत, फ्लास्कच्या तळाशी त्या तपकिरी पाण्यात राहतात आणि आपण ते पाणी ओतून देतो. म्हणजे काढ्यावर किंवा मद्यार्कातल्या अर्कावर झालेला अभ्यास तुमच्या तेलाच्या नावावर लिहिणं चूकच. ही चूक मी छापील लेखांतही वारंवार पाहते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण पुढचा माणूस तीच ओळ उचलतो.

उलट बाजूही बघा. ज्या टर्पिनेन-४-ऑलने तुमचा वास पळवला, तोच टी ट्री तेलाचा मुख्य जंतुरोधक घटक आहे. आयएसओ ४७३० या मानकात त्याचं किमान प्रमाण ठरवून दिलंय. तेव्हा सुगंधासाठी जे तेल बिघडलेलं, ते जंतुरोधासाठी कदाचित जास्त कामाचं. चांगलं तेल कोणतं, हे कशासाठी हवंय त्यावर ठरतं. चाचणी करणार असाल तर नुसती डिस्क पद्धत (तेलात भिजवलेली कागदी चकती जंतूंच्या थरावर ठेवून भोवतीचं जंतुरहित वलय मोजणं) वापरू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, आगरमध्ये नीट पसरत नाही आणि उडूनही जातं, त्यामुळे वलयाचा व्यास फसवतो. तेल पाण्यात मिसळवणारं ट्वीन ८० किंवा डीएमएसओ अगदी कमी प्रमाणात घालून द्रवात सौम्यन करत न्या आणि जंतूंची वाढ रोखणारी किमान मात्रा काढा. फक्त द्रावक घातलेली एक तुलनेची नळी ठेवाच.

एक काळजीची गोष्ट. तेल काढलं की ओळखीतले लोक मागतात. पातळ न करता कुणाला त्वचेवर लावू देऊ नका, पोटात तर नाहीच. जुनं, हवा लागलेलं तेल त्वचेला ॲलर्जी आणतं. लहान मुलांच्या आसपास निलगिरी, कापूर, मेंथॉल यांच्याबाबतीत तर फारच जपावं लागतं; निलगिरीचं तेल गिळल्याने मुलांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

धागाकर्ती (नवी माहिती)

प्रयोग झाले. थंड हेक्सेनच्या अर्कात सिस-सॅबिनीन हायड्रेट सगळ्यात मोठं, त्याच्या खालोखाल ॲसिटेट, आणि टर्पिनेन-४-ऑल अगदी थोडं. ऊर्ध्वपातनात पहिल्या १५ मिनिटांच्या तेलाला मरव्याचा वास आहे! पूर्ण नाही, पण ओळखू येतो. शेवटच्या टप्प्यातलं तेल आधीच्या बाटलीसारखंच तीक्ष्ण. पाण्याचा पीएच सुरुवातीला ६.८ होता, शेवटी ५.१. त्या पहिल्या १५ मिनिटांच्या बाटलीचं झाकण उघडलं तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं.

अल्केनांची मालिका चालवल्यावर लिनालूलचं शिखर दुहेरी निघालं, त्यामुळे तो आकडा आता मी एकत्रित म्हणून देणार आहे. पाण्याचा पीएच बफर घालून ७ वर धरून ठेवला तर काय होतं, ते पुढच्या आठवड्यात बघते.

मॅडमशी बोलून तक्त्याचं शीर्षक बदललं. आधी होतं 'मरव्याच्या तेलाची रासायनिक रचना'. आता आहे 'वाळलेल्या पानांपासून तीन तासांच्या जल-ऊर्ध्वपातनाने मिळालेल्या तेलाची रचना'. त्याच्या शेजारी हेक्सेन अर्काचा स्तंभ जोडलाय.