फरेरांनी पद्मश्री नाकारली, योग्यच केलं

गोदाकाठ:
१९८१ मध्ये मायकल फरेरांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांनी ती नाकारली. आदल्याच वर्षी गावसकरांना पद्मभूषण मिळालं होतं. मग बिलियर्ड्सच्या जगज्जेत्याला एक पायरी खाली का, हा त्यांचा सवाल. मला तो शंभर टक्के पटतो. १९७७ ला जागतिक हौशी विजेतेपद, १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ चा ब्रेक, म्हणजे एका खेपेत न चुकता सलग केलेले गुण. कॅननचे, म्हणजे आपला बॉल उरलेल्या दोन्ही बॉलना लागला की, दोन; लाल पॉट केली, म्हणजे टेबलाच्या खिशात घातली की तीन. असे दोन-तीन करत हजार ओलांडायचे! करा हिशेब.

पंचवटीकर:
नाही पटत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जगज्जेते झाले, १९६४ मध्ये न्यूझीलंडला पुन्हा. पद्मश्री मिळाली १९६५ ला. त्यांनी ती मानाने घेतली. जोन्सना जे पुरलं, ते फरेरांना कमी कसं पडलं? सन्मान मागून घ्यायचा नसतो.

गोदाकाठ:
पहिल्या विजेतेपदानंतर सात वर्षं ताटकळले जोन्स! गप्प बसलं की हे असं होतं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
क्रिकेटशी तुलनाच नको. १९७१ ला गावसकरांनी विंडीजमध्ये ७७४ धावा केल्या, त्या गल्लीबोळात पोचल्या. बिलियर्ड्सला बारा फुटी टेबल लागतं. नाशकात किती जणांनी पाहिलाय हा खेळ?

मखमलाबाद:
मी पाहिलाय, मार्करकाकांच्या शेजारी उभं राहून. तिन्ही बॉल कुशनपाशी, म्हणजे टेबलाच्या कडेपाशी, वीतभर अंतरात आणायचे, मग क्यूचा, म्हणजे काठीचा, इतका हलका स्पर्श की बॉल जेमतेम सरकतो. पुन्हा तेच. पुन्हा तेच. काका श्वास रोखून गुण पुकारायचे. बघे कमी म्हणून हे कौशल्य कमी होत नाही. आपल्या चांदवडचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओत वल्हवत होता, तेव्हा रोइंग म्हणजे काय हे इथे किती जणांना ठाऊक होतं? मोठा नाही का तो?

पंचवटीकर:
मोठाच. खेळाबद्दल वाद नाहीच माझा. पण भांडायचं तर टेबलांसाठी, पोरांच्या शिकवणीसाठी भांडा. स्वतःच्या किताबासाठी भांडणं मला खटकतं.

गोदाकाठ:
किताब एका माणसाचा नव्हता, दर्जा खेळाचा होता. १९८१ आणि १९८३ ला फरेरा पुन्हा जगज्जेते झाले, १९८३ लाच पद्मभूषणही मिळालं. २०१८ मध्ये बिलियर्ड्सच्याच पंकज अडवाणींनाही तेच मिळालं. कुणीतरी आधी ठणकावलं होतं म्हणून!

पंचवटीकर:
अडवाणींनी २००९ ची पद्मश्री आधी घेतली होती, दादा. नाकारली नव्हती.