एक पार्सन्स की आठ जणांची फळी?

अद्वैत (धागाकर्ता)

2025 च्या ऑगस्टअखेर एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉल लीग) पॅकर्सनी डॅलसकडून मायका पार्सन्स या एज खेळाडूला घेतलं. बदल्यात पहिल्या फेरीचे दोन पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचे हक्क) आणि मधल्या फळीतला केनी क्लार्क दिला. पार्सन्सशी चार वर्षांचा 18.8 कोटी डॉलरचा करार झाला, म्हणजे वर्षाला सरासरी 4.7 कोटी. 2025 ची अख्ख्या संघाची कॅप (पगारांची एकूण मर्यादा) 27.92 कोटी होती. तेव्हापासून जो तो त्या दोन पिकांबद्दल बोलतोय. मला मात्र या सौद्यात केनी क्लार्क सगळ्यात महाग पडलाय असं वाटतं.

जे नव्याने एनएफएल बघायला लागलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. डी-लाइनमध्ये, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत, कडेला असतात ते एज. ते आक्रमणफळीतल्या कडेच्या माणसाला (टॅकल) वळसा घालून क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्यावर, धावतात, टीव्हीवर दिसतात, पैसा त्यांनाच मिळतो. मधोमध, सेंटरच्या (आक्रमणफळीतला मधला माणूस) नाकासमोर किंवा त्याच्या खांद्याला लागून उभा असतो तो नोज टॅकल. त्याच्या शेजारी, गार्डच्या (सेंटरच्या बाजूचा माणूस) बाहेरच्या खांद्यावर थ्री-टेक्निक. नोजचं काम एकदा नीट बघाच. बॉल हलल्याक्षणी गार्ड आणि सेंटर दोघं मिळून त्याच्यावर आदळतात, एक खांद्यावर आणि एक कमरेवर. तो गुडघा जमिनीच्या जवळ नेतो, पाठ सरळ ठेवतो आणि दोघांना तिथेच अडकवून धरतो. त्या अर्ध्या सेकंदात मागचा लाइनबॅकर (फळीमागचा बचावपटू) मोकळा होतो आणि पळणाऱ्याला आडवा करतो. पाडल्याची नोंद लाइनबॅकरच्या नावावर लागते. नोजच्या नावावर काहीच लागत नाही.

2 नोव्हेंबरला कॅरोलायनाने लॅम्बो या घरच्या मैदानावर येऊन पॅकर्सना 16-13 हरवलं. त्यांचा रिको डाउडल बॉल घेऊन 130 यार्ड पळाला, दोन टचडाउन केले. पार्सन्स मैदानात होता. क्लार्क नव्हता.

आता फेब्रुवारी 2025 मधला सुपर बोल आठवा. इगल्सनी एकदाही ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) न करता, फक्त पुढच्या चौघांच्या जोरावर कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्सला सहा वेळा पाडलं आणि 40-22 जिंकले. स्वेटचे अडीच सॅक (क्वार्टरबॅकला पाडणं), मिल्टन विल्यम्सचे दोन, जॉर्डन डेव्हिसचा एक, हंटचा अर्धा. त्या फळीतला सगळ्यात मोठा खेळाडू जेलन कार्टर, आणि त्याच्या नावावर त्या दिवशी एकही सॅक नाही. विल्यम्स 2021 चा तिसऱ्या फेरीतला, स्वेट 2018 चा चौथ्या, हंट 2024 चा तिसऱ्या. ताजी माणसं आलटूनपालटून येत राहिली आणि कॅन्सस सिटीच्या लाइनला श्वास घ्यायला मिळाला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की बचावफळीवरचा पैसा आणि पिक आधी मधोमध लावावेत, मग आठ-नऊ जणांत वाटावेत. त्यातून उरलं तर एजवरच्या ताऱ्याकडे जावं. डॅलसने पार्सन्स विकला आणि पुढे 4 नोव्हेंबरला जेट्सकडून क्विनन विल्यम्स घेतला. या बदलाची दिशा मला पटते.

केदार_प्लेनो

दिशा पटते? अद्वैत, इकडे डॅलसमध्ये राहून बघा जरा. यंदा आमची बचावफळी लीगमधल्या सगळ्यात गळक्या फळ्यांत मोडते, आणि केनी क्लार्क पहिल्या सामन्यापासून आमच्याकडेच आहे. रन (बॉल घेऊन पळणं) थांबवायला म्हणून त्याला आणला, असं आमचे मालक जेरी जोन्स सांगत होते. थांबला का रन?

पार्सन्सने इथे चार हंगामांत साडेबावन्न सॅक काढले, एकाही वर्षी 12 च्या खाली गेला नाही. असा माणूस ड्राफ्टमध्ये दहा वर्षांत एखाद्या वेळी हाती लागतो. क्लार्क चांगला आहे, तीनदा प्रो बोलला (निवडक खेळाडूंचा मान) गेलाय, पण चांगला नोज शोधला तर सापडतो.

28 सप्टेंबरचा सामना तुम्ही सोयीस्करपणे वगळलात. पार्सन्स पहिल्यांदा परत डॅलसला आला, सामना 40-40 बरोबरीत सुटला. ओव्हरटाइममध्ये आम्ही गोललाइनजवळ पोचलो होतो. आमचा क्वार्टरबॅक प्रेस्कॉट मोकळी जागा बघून निघाला आणि पार्सन्सने मागून येऊन त्याला पाडलं. सात गुणांच्या जागी तीन घेऊन आम्हाला परतावं लागलं. तो एक स्नॅप (एक डाव) पॅकर्सना अर्धा विजय देऊन गेला. तुमच्या आठ जणांच्या फळीतल्या सहाव्या माणसाने ते केलं असतं, असं मनापासून वाटतं तुम्हाला?

मृणाल_फिली

फिलाडेल्फियाची, म्हणजे इगल्सची चाहती म्हणून लिहिते. अद्वैतचं सुपर बोलचं वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला अर्धवट वाटतो.

एक म्हणजे कॅन्सस सिटीची लाइन ठिगळं लावलेली होती. जो थूनी मुळात लेफ्ट गार्ड. लेफ्ट टॅकलला कोणी धड मिळेना म्हणून त्याला बाहेर नेलं, त्याच्या जागी आत कॅलिएन्डो आला. एका माणसाच्या कमतरतेने दोन जागा कमकुवत झाल्या. आमचे बचाव-प्रशिक्षक फँजिओंनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

दुसरं, त्याच्या तीन आठवडे आधीचा रॅम्सविरुद्धचा बर्फातला सामना. 28-22 ने पुढे होतो आणि रॅम्स आमच्या 13 यार्डपर्यंत आले होते. थर्ड डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) कार्टरने त्यांचा क्वार्टरबॅक स्टॅफर्डला पाडलं, फोर्थला पुन्हा तोच त्याच्या अंगावर. रोटेशन कितीही असलं तरी त्या दोन स्नॅपना मैदानात कार्टरच हवा होता. तो सामना हरलो असतो तर सुपर बोल कुठला!

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. ही राखीव माणसांची फौज टिकत नाही. सुपर बोल झाल्यावर महिन्याभरात मिल्टन विल्यम्स 10.4 कोटी डॉलरचा चार वर्षांचा करार करून पेट्रियट्सकडे गेला, स्वेट 7.64 कोटींवर ॲरिझोनाला. ग्रॅहम निवृत्त झाला. मग काय धावपळ झाली ती पाहा. सप्टेंबरात झडेरियस स्मिथला आणलं, तो ऑक्टोबरात निवृत्त झाला. 37 वर्षांच्या ब्रँडन ग्रॅहमला निवृत्तीतून परत बोलावलं. आता तिसऱ्या फेरीचा पिक देऊन मायामीकडून जेलन फिलिप्स. गरीब संघाने सुगरणीसारखं घर चालवायचं आणि पोरं वाढली की दुसऱ्याने न्यायची, असंच आहे हे. तारा निदान करारात बांधून ठेवता येतो.

ओंकार_ब

मृणालताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोरदार सहमती. शिवाय अद्वैत, 4.7 कोटी आणि 27.92 कोटी शेजारी ठेवून तुम्ही जे चित्र उभं केलंत ते दिशाभूल करतं. सायनिंग बोनस करारातल्या पुढच्या वर्षांवर पसरतो, त्यामुळे यंदा पार्सन्सचा कॅपवरचा बोजा सरासरीच्या जवळपासही नाही. पॅकर्सना या वर्षी बाकी फळी भरायला पैसा होता.

आणि रॅम्सच्या ॲरन डॉनल्डचं नाव या धाग्यात अजून कसं आलं नाही? सुपर बोल 56. बेंगाल्स 20, रॅम्स 23, मिनिटभरसुद्धा उरलं नव्हतं. थर्ड अँड वनला (तिसरा प्रयत्न, एक यार्ड बाकी) बॉल घेऊन पळणाऱ्या पेरीनला डॉनल्डने रोखलं. फोर्थ अँड वनला तो गार्डला चुकवून आत शिरला, बेंगाल्सचा क्वार्टरबॅक बरोच्या कमरेला मिठी मारून त्याला गरागरा फिरवला, बॉल कसाबसा सुटून जमिनीवर पडला. सामना संपला. साधारण 127 किलोचा माणूस, म्हणजे मधल्या फळीसाठी हलकाच, आणि लागोपाठ दोन स्नॅप एकट्याने फिरवले.

अद्वैत

ओंकार, डॉनल्डच्या उदाहरणाने माझंच म्हणणं भक्कम होतं. तो मधोमध खेळायचा! क्वार्टरबॅकला एज दिसतो, त्याच्यापासून तो पुढे सरकून पॉकेटमध्ये (आपल्या फळीमागच्या सुरक्षित जागेत) शिरतो. समोरून छातीवर माणूस आला तर पाय ठेवायला जागा नाही. शिवाय त्या दिवशी रॅम्सचे एकूण सात सॅक होते, त्यातले दोन व्हॉन मिलरचे. त्याला हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे पिक देऊन आणलं होतं, कारण एकटा डॉनल्ड पुरत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

मृणालताई, माणसं जातात हे खरं. पण विल्यम्स आणि स्वेट गेल्यावर मधोमध कार्टर, डेव्हिस आणि सातव्या फेरीतला मोरो ओजोमो आहेतच. भगदाड एजला पडलं आणि ते तिसऱ्या फेरीच्या एका पिकात बुजवता आलं. मधला गेला असता तर काय द्यावं लागतं ते डॅलसला विचारा. क्विननसाठी 2027 चा पहिल्या फेरीचा पिक, 2026 चा दुसऱ्या फेरीचा आणि वर माझी स्मिथ नावाचा बचावपटू. केदार, नोज "शोधला तर सापडतो" म्हणता, मग इतकं का मोजलं तुमच्याच संघाने?

दुखापतीबद्दल कोणीच बोललं नाही. 2024 च्या ऑक्टोबरात लायन्सचा एडन हचिन्सन पाय मोडून गेला तेव्हा पाच सामन्यांत त्याचे साडेसात सॅक होते. त्यानंतरच्या बारापैकी अकरा सामने लायन्सनी जिंकले.

केदार_प्लेनो

आणि मग घरच्या मैदानावर वॉशिंग्टनकडून 45 गुण खाऊन प्लेऑफमधून बाहेर पडले. ते का नाही सांगत? त्यांचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स आरामात उभा राहून फेकत होता. साध्या सामन्यांत भरपूर माणसं पुरतात, जानेवारीत हचिन्सन लागतो.

वसुधा_पुणे

केदार, त्या 45 गुणांत मॅकनीलचा वाटा विसरू नका. लायन्सचा मधला अलिम मॅकनील डिसेंबरात बफेलोविरुद्ध गुडघा फाटून गेला होता. हचिन्सनशिवाय अकरा जिंकले. हचिन्सन आणि मॅकनील दोघंही नसताना प्लेऑफमध्ये कोसळले. मी तो सामना पहाटेपर्यंत जागून पाहिला. रागच आला होता, कारण इतका सुंदर हंगाम फळी संपल्यामुळे वाया गेला.

रोस्टरचं गणितही थोडं मांडते. रोस्टर 53 चा, पण सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त 48 जण उतरू शकतात. त्यातून डी-लाइन आणि एज मिळून आठ-नऊ जागा निघतात. त्यात फक्त रन थांबवणारा नोज ठेवला तर त्याला थर्ड डाउनला बाहेर यावं लागतं. हल्ली संघ बहुतेक वेळ पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागे पास अडवणारे) घेऊन खेळतात, म्हणजे मधोमध दोनच धिप्पाड माणसं उरतात. त्या दोघांना सोडायला आणखी दोन हवेत, तेही दोन्ही कामं येणारे. 150 किलोच्या माणसाला सलग दहा स्नॅपचा ड्राइव्ह खेळवून बघा, अकराव्या स्नॅपला त्याचा गुडघा खाली जातच नाही, तो सरळ उभा राहतो आणि ढकलला जातो. इंग्लंडमध्ये यंदा बुमराह पाचपैकी तीनच कसोट्या खेळला आणि आपण जिंकलेल्या दोन्ही कसोट्या त्याच्याविना होत्या. म्हणून कोणी बुमराहला विकायला काढलं नाही. पण सिराज आणि बाकीचे तयार नसते तर ओव्हलवर काय झालं असतं?

म्हणून मला पार्सन्सचा पगार खटकत नाही. त्याच्यासाठी क्लार्क दिला हे खटकतं. तिसरा पिक मागितला असता तर तो द्यायचा होता.

ओंकार_ब

वसुधा, हे पटण्यासारखं आहे, पण पॅकर्स काही कोसळलेले नाहीत हेही बघा. 10 नोव्हेंबरला याच इगल्सना त्यांनी दहा गुणांवर रोखलं. सॅकॉन बार्कलीसारखा बॉल घेऊन पळणारा असलेला संघ, आणि पॅकर्सकडे म्हणे मध्य नाही! 10-7 ने हरले ते आक्रमणामुळे.

मृणाल_फिली

ओंकार, त्या सामन्यात आम्ही तरी सात गुणच दिले, आणि फिलिप्सला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. आमचं आक्रमण यंदा कुणाहीविरुद्ध अडखळतंय, त्यावरून पॅकर्सच्या मध्याला प्रमाणपत्र देऊ नका. डाउडलचे 130 यार्ड मला जास्त सांगतात.

कार्टरबद्दल मी ठाम आहे, तारा लागतोच. पण तो मधला असावा यावर अद्वैतशी माझं भांडण नाही.

केदार_प्लेनो

मी अजून पार्सन्सला विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. 26 वर्षांचा खेळाडू करारावरच्या हट्टापायी घालवला, हे कुठल्याही तत्त्वात बसवू नका.

तरीही येत्या सोमवारी (17 नोव्हेंबर) लास वेगसला रेडर्सविरुद्ध क्विनन पहिल्यांदा आमच्याकडून उतरेल. क्लार्क आणि तो शेजारीशेजारी. बॉलकडे न बघता मी आमच्या लाइनबॅकरांकडे बघणार आहे. गार्ड त्यांच्यापर्यंत पोचतात की मध्येच अडकतात, आणि रेडर्सचा पळणारा जेंटीला आतून किती यार्ड मिळतात, एवढं लिहून ठेवतो. मंगळवारी इथेच टाकतो.