वेगळी चूल मांडली ती का

'एक राष्ट्रीय संघटना असताना प्रादेशिक संघटना कशाला, नुसती गटबाजी,' असं अमेरिकेतल्या 'ईस्ट' या अपघात-सर्जनांच्या संघटनेबद्दल कुणीतरी म्हटलंय. इतकं सरळ नाहीये हो ते. अमेरिकेत अपघात-शल्यचिकित्सेची राष्ट्रीय संघटना १९३८ पासून होती. पण तिथे शिरायचं तर आधी नाव कमवायला हवं. नुकत्याच कामाला लागलेल्या सर्जनने आपला संशोधनाचा पेपर मांडायचा कुठे? म्हणून १९८०च्या दशकात किमबॉल मॉल, हॉवर्ड चॅम्पियन, बर्टन हॅरिस आणि लेनवर्थ जेकब्स या चौघा सर्जनांनी पूर्वेकडच्या राज्यांसाठी 'ईस्ट' (ईस्टर्न असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमा) काढली. पहिलं वैज्ञानिक अधिवेशन जानेवारी १९८८ मध्ये, फ्लोरिडात. (जानेवारीत फ्लोरिडा! थंडीने गारठलेल्या उत्तरेकडच्यांना अजून काय हवं.)

पण मला तिचं खरं काम वाटतं ते उपचारांच्या मार्गदर्शिका. उपलब्ध अभ्यास गोळा करायचे, पुरावा किती भक्कम आहे त्यानुसार शिफारशींना पातळी द्यायची. उदाहरणार्थ, हाड मोडून जखम उघडी पडली असेल तर अँटिबायोटिक शक्य तितक्या लवकर सुरू करा. आणि जखमेत शेतातली माती-शेण गेलं असेल तर जास्त मात्रेचं पेनिसिलिनही जोडा, कारण क्लॉस्ट्रिडियमची, म्हणजे माती-शेणात असणाऱ्या आणि जखम सडवणाऱ्या जंतूंची भीती. ट्रॅक्टरखाली पाय आलेला पेशंट ज्याने पाहिलाय, त्याला हे एक वाक्य किती मोलाचं ते कळेल.

आता नाव पूर्वेचं असलं तरी मार्गदर्शिका वाचतात सगळीकडचे डॉक्टर.